नो एन्ट्रीची पाटी फ्लेक्समागे, चलन मात्र मोबाइलवर: लढायचं का आणि कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातल्या एका शहरात नेहमीच्या वापरातला रस्ता अलीकडे एकेरी झाला. प्रश्नकर्ते मधल्या एका गल्लीतून त्या रस्त्याला लागले, सवयीने डावीकडे वळले आणि दोन दिवसांनी ई-चलनाचा मेसेज आला. परत जाऊन पाहिलं तर नो एन्ट्रीची पाटी होती, पण रस्त्याच्या टोकाला, मोठ्या चौकात, आणि तीही कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्समागे. ते ज्या गल्लीतून आले तिच्या तोंडाशी काहीच नव्हतं. हे चलन रद्द होऊ शकतं का, आणि भरलंच नाही तर काय होईल, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

रद्द होऊ शकतं. पण "मला पाटी दिसली नाही" एवढ्या वाक्यावर नाही. हे वाक्य वाहतूक शाखेत रोज ऐकलं जातं आणि रोज बाजूला ठेवलं जातं, कारण ते फक्त तुमच्याबद्दल बोलतं. तुम्ही फोनवर असाल, घाईत असाल, पाटीकडे पाहिलंच नसेल. तुम्हाला दाखवायचं आहे ते रस्त्याबद्दल: तुम्ही ज्या बाजूने आलात त्या बाजूने येणाऱ्या कुणालाही, वळायच्या आधी, हा रस्ता एकेरी आहे हे कळायला कसलीच सोय नव्हती. या दोन वाक्यांमध्ये जो फरक आहे त्यावरच अशी प्रकरणं उभी राहतात किंवा पडतात.

आधी एक काळजी घ्या. लढायचं की नाही हे ठरेपर्यंत पैसे भरू नका. ई-चलनावर जी रक्कम असते ती कोर्टाने केलेला दंड नसतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २०० खालची ती तडजोड रक्कम असते. तडजोड म्हणजे प्रकरण तिथेच मिटलं. "आधी भरतो, मग भांडतो" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना सांगावं लागतं की भांडायला आता काही उरलंच नाही.

आता कायदा. तीन कलमं एकापुढे एक ठेवून वाचली की चित्र स्पष्ट होतं.

कलम ११५ राज्य शासनाला किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला एखाद्या रस्त्यावर किंवा भागात वाहनांना बंदी घालायचा किंवा निर्बंध लावायचा अधिकार देतं. कारण सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोय असेल, नाहीतर त्या रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप. हे राजपत्रातल्या अधिसूचनेने करायचं असतं. आणि त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की असा निर्बंध लावला की कलम ११६ प्रमाणे योग्य वाहतूक चिन्हं योग्य ठिकाणी लावायची. "लावता येतील" असं नाही, लावायचीच. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळाचा नसेल तर राजपत्राची गरज नाही, पण परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी मात्र द्यावी लागते. गणेशोत्सवात किंवा मेट्रोच्या कामासाठी रस्ता वळवला की वर्तमानपत्रात वाहतूक शाखेचं पत्रक येतं, ते यामुळेच.

कलम ११६ चिन्हांबद्दल आहे. ती कुणी लावायची, कशासाठी लावायची, आणि त्यांचा आकार, रंग, प्रकार अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे हवा, हे त्यात येतं. अधिकार नसताना कुणी रस्त्यावर वाहतूक चिन्ह उभारू नये हेही त्यातच. म्हणजे सोसायटीने पत्र्यावर रंगवलेली "नो पार्किंग, हवा सोडली जाईल" ही पाटी वाहतूक चिन्ह नव्हे, अक्षर कितीही ठळक असो. (तरीही कुणाच्या फाटकासमोर गाडी लावू नका, त्याला वेगळा नियम आहे, तो पुढे येतो.) आणखी एक पोटकलम फारसं कुणी वाचत नाही: वाहतूक चिन्ह झाकणारी जाहिरात किंवा फलक काढून टाकण्याचे अधिकार शासन पोलीस अधीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना देऊ शकतं. पाटीसमोर फ्लेक्स लागतात याची कायद्याला कल्पना होती, एवढं तरी यातून कळतं.

कलम ११९ चालकाचं कर्तव्य सांगतं. बंधनकारक चिन्ह जे सांगेल त्याप्रमाणे गाडी चालवायची. इथे नीट पाहा: कर्तव्य चिन्हाचं पालन करण्याचं आहे. जिथे चिन्हच नाही तिथे कलम ११९ चं उल्लंघन कसं झालं, हे समोरच्याला सांगावं लागेल.

तक्रार ऐकणारा कर्मचारी बहुधा म्हणेल, "कायदा माहीत नाही ही सबब चालत नाही." खरंच चालत नाही. पण अमुक रस्ता मंगळवारपासून एकेरी झाला ही गोष्ट माणसाने घरबसल्या ओळखावी अशी अपेक्षा कायद्याने ठेवलेली नाही. म्हणून तर त्याने पाटी लावायची जबाबदारी टाकली आहे. हे शांतपणे सांगा. वाद घालू नका, कारण त्या खिडकीवर बसलेल्या माणसाच्या हातात फार काही नसतं.

चलन नीट वाचा

बहुतेक लोक रक्कम वाचतात आणि थांबतात. तुम्ही कलम वाचा. ११९ सोबत १७७ असेल तर प्रकरण साधं आहे: कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, त्यानंतर १५०० रुपयांपर्यंत दंड. पण एकेरी रस्त्यावर उलट जाण्याला कधीकधी कलम १८४ लावलं जातं. ते धोकादायक पद्धतीने वाहन चालवण्याचं कलम आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालवणंही त्याच्या स्पष्टीकरणात आलं आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. चलनावर १८४ असेल तर "पाचशेच रुपये तर आहेत" हा हिशोब सोडा आणि वकिलाला दाखवा. अशा प्रकरणात पाटीचा मुद्दा आणखी वजनदार होतो, कारण ठरलेली दिशा कोणती हे चालकाला सांगितलंच नव्हतं, असं तुमचं म्हणणं असेल.

मग फोटो उघडा. चलनासोबतचा फोटो मोठा करून पाहा. गाडी कुठल्या दिशेला तोंड करून आहे? मागे दुकानाची पाटी, खांब, झाड काय दिसतं? फोटोत नो एन्ट्रीचं चिन्ह आहे का? अनेक फोटोंमध्ये फक्त नंबर प्लेट असते. त्यातून गाडी तिथे होती एवढंच सिद्ध होतं, आणि ते तुम्ही नाकारतच नाही. ठिकाण म्हणून नुसतं चौकाचं नाव लिहिलं असेल आणि तुम्ही त्या चौकातून गेलाच नसाल, तर ही विसंगती तक्रारीत पहिल्या दोन ओळींतच लिहा.

चलन हवालदाराने हातातल्या यंत्रावर केलं की कॅमेऱ्याने आपोआप काढलं, हेही बघा. कॅमेऱ्याचं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७अ हा नियम लागू होतो. तो ऑगस्ट २०२१ मध्ये आला. ज्या पट्ट्यावर इलेक्ट्रॉनिक उपकरणाने नजर ठेवली जाते त्याच्या आधी तशी सूचना देणारे फलक ठळकपणे लावायचे, असं तो सांगतो. उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं नूतनीकरण दर वर्षी व्हायला हवं. त्यामुळे अशा चलनात तुमच्याकडे दोन पाट्यांचा मुद्दा असतो: निर्बंधाची आणि कॅमेऱ्याची. निव्वळ कॅमेऱ्याची पाटी नव्हती म्हणून सिग्नल तोडणारा सुटेल अशी आशा मात्र धरू नका. तो मुद्दा पहिल्याला आधार म्हणून वापरा.

अपुरी पाटी म्हणजे काय

पाटी अजिबात नसणं हा सगळ्यात सोपा प्रकार, आणि तो क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा पाटी असते, पण तिचा उपयोग नसतो. खांब कलंडून पाटीचं तोंड दुकानाकडे फिरलेलं असतं. फांदी वाढलेली असते. जूनमध्ये दिसणारी पाटी ऑगस्टमध्ये दिसत नाही. रंग इतका उडालेला असतो की लाल कडा गुलाबी झालेली. पार्किंगच्या पाटीखाली वेळेची किंवा बाणाची छोटी पट्टी हवी असते ती गळून पडलेली असते, मग मनाई कुठून कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत, हे कुणालाच कळत नाही. पुण्यातल्या पी-१, पी-२ च्या (विषम-सम तारखांना आलटून-पालटून पार्किंगच्या) पाट्यांमध्ये हा घोळ विशेष होतो. एका बाजूला विषम तारखेची पाटी शाबूत आणि समोरच्या बाजूची सम तारखेची गायब, असं असेल तर समोर गाडी लावणाऱ्याने तारीख कशावरून पाहायची?

तुमचा प्रकार मात्र मला सर्वांत जास्त दिसतो, आणि माझ्या मते तो सर्वांत भक्कम आहे: पाटी रस्त्याच्या टोकाला, पण मधल्या गल्ल्यांच्या तोंडाशी काही नाही. आदेश काढणारा अधिकारी नकाशावर "अमुक चौक ते तमुक चौक" असं लिहितो. पाट्या लावणारा ठेकेदार त्या दोन चौकांत खांब उभे करतो. मध्ये मिळणाऱ्या चार गल्ल्या, पेट्रोल पंपाचं तोंड, सोसायटीचं फाटक यांचा विचार दोघांनीही केलेला नसतो. गल्लीतून बाहेर पडणाऱ्याला टोकाची पाटी दिसूच शकत नाही, कारण ती त्याच्या पाठीला किंवा शे-दोनशे मीटरवर असते. "योग्य ठिकाणी" हे कलम ११५ मधले शब्द इथे कामी येतात. चौकातली पाटी चौकातून येणाऱ्यासाठी योग्य ठिकाणी आहे, गल्लीतून येणाऱ्यासाठी नाही.

अंतराचा हिशोबही मांडा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८ मीटरहून थोडं जास्त अंतर कापते. ताशी ४० ला ११ मीटर. पाटी वळणापासून १० मीटरवर आल्यावरच दिसू लागत असेल तर चालकाच्या हातात साधारण एक सेकंद असतो. तेवढ्यात पाटी पाहायची, वाचायची, मागच्याचा अंदाज घ्यायचा आणि वळणं रद्द करायचं. नुसतं "पाटी नीट दिसत नव्हती" म्हणण्यापेक्षा "पाटी वळणापासून १० मीटरवर दिसू लागते, चित्रफीत जोडली आहे" हे वाक्य अधिकाऱ्यालाही फेटाळायला जड जातं. चिन्हांचे आकार, उंची, जागा यांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी ६७ ही संहिता आहे. तक्रारीत तिचं नाव घ्यायला हरकत नाही, पण मिलिमीटरची कमतरता शोधत बसू नका. पाटी चार बोटं लहान आहे म्हणून चलन रद्द झालेलं मी पाहिलेलं नाही, आणि होऊही नये.

जिथे पाटीचा मुद्दा चालत नाही

हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अर्धे लोक इथेच चुकतात. काही मनाया पाटीवर अवलंबून नसतात. फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांवर, बस थांब्याजवळ, कुणाच्या फाटकासमोर, दुसऱ्या उभ्या गाडीला समांतर गाडी लावणं हे २०१७ च्या वाहन चालन विनियमांनीच मना केलं आहे. तिथे नो पार्किंगची पाटी असण्याची गरज नाही. गाडी इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी सोडली तर कलम १२२ आहे, त्यालाही पाटी लागत नाही. त्यामुळे गाडी उचलून नेली असेल तर आधी चलनावर कारण काय लिहिलं आहे ते पाहा. टोईंगचं कलम १२७ "जिथे गाडी लावायला कायद्याने मनाई आहे" अशी जागा म्हणतं. मनाई फक्त पाटीवर टिकून असेल तर पाटीचा मुद्दा काढा, विनियमाने असेल तर टोईंगची रक्कम द्या आणि घरी जा.

चौकात उभ्या पोलिसाने हात दाखवला असेल तरीही पाटीचा मुद्दा गेला. त्याची सूचना पाळणं हे स्वतंत्र कर्तव्य आहे.

आणि हेल्मेट, सीटबेल्ट, सिग्नल यांत पाटी शोधू नका.

आणखी एक अडचण तुमच्याच बाजूला असू शकते. त्याच रस्त्यावरचं, त्याच कारणाचं जुनं चलन तुमच्या गाडीच्या नावावर आहे का, हे आधी बघून घ्या. असेल तर "इथे एकेरी आहे हे मला कळायला मार्ग नव्हता" हे म्हणणं पहिल्याच मिनिटाला कोसळतं. घर त्याच गल्लीत असेल तरी अधिकारी हाच प्रश्न विचारतील.

पुरावा: पाटीचा नव्हे, वाटेचा

लोक जाऊन पाटीचा फोटो काढतात. जवळ उभं राहून, मान वर करून, फ्लेक्समागून डोकावणाऱ्या पाटीचा. तो फोटो उलट तुमच्या विरुद्ध जातो, कारण त्यात पाटी दिसते!

तुम्ही आलात ती वाट दाखवा. दुचाकी असेल तर दुचाकीवर, चारचाकी असेल तर शेजारच्या सीटवरून दुसऱ्याने मोबाइल धरून, त्याच गल्लीतून, शक्यतो त्याच वेळेला, वळणाच्या अलीकडे पन्नासेक मीटरपासून सलग चित्रण करा. न थांबता, न कापता. सुरुवातीला गल्लीच्या नावाची पाटी किंवा ओळखू येईल असं दुकान यावं. वळण आलं की गाडी बाजूला थांबवा (चित्रणासाठी पुन्हा नियम मोडू नका, असेही महाभाग भेटलेत) आणि कॅमेरा डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश फिरवा, म्हणजे कुठल्याच खांबावर काही नाही हे दिसेल. मग चौकातल्या त्या झाकलेल्या पाटीचे चालकाच्या उंचीवरून तीन फोटो काढा: लांबून, मध्यावरून आणि अगदी जवळून. रात्रीचं चलन असेल तर रात्रीच जा. दिवसा स्वच्छ दिसणारी पाटी बंद पडलेल्या पथदिव्याखाली नाहीशी होते.

हे लवकर करा. तुमची तक्रार गेली की पाटी लागते. शहरासाठी ते चांगलंच, पण तुमचा पुरावा त्या दिवशी संपतो. जुन्या स्थितीसाठी गूगल स्ट्रीट व्ह्यू पाहता येतो; २०२२ पासून मुंबई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) अशा शहरांची चित्रं त्यावर आहेत आणि प्रत्येक चित्रावर महिना-वर्ष असतं. तेवढ्यावर केस टिकत नाही, पण "इथे पूर्वीपासून पाटी होती" या दाव्याला उत्तर मिळतं.

मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखी पाठवलेली प्रत आकसते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची नोंद निघून जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र या फाइलींसोबत लागेल. तक्रारीच्या टप्प्यावर त्याची गरज नाही.

आदेश मागवा

इथे बहुतेकांपेक्षा तुम्ही एक पाऊल पुढे जाऊ शकता. रस्ता एकेरी करणारा आदेश पाहायला मागा. पुण्यासारख्या शहरात असे आदेश पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या सहीने निघतात आणि त्यात कलम ११५, ११६ आणि ११७ यांचा उल्लेख असतो. अनेकदा आदेश आधी "तात्पुरत्या स्वरूपात" किंवा "प्रायोगिक तत्त्वावर" काढतात, नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात आणि अंतिम आदेश नंतर काढायचा असतो. तो "नंतर" कधीकधी येतच नाही. प्रयोगाची मुदत संपलेली आणि पाटी तशीच, किंवा आदेश आहे आणि पाटी सहा आठवड्यांनी लागली, असं कागदावर सापडलं तर तुमचं काम निम्मं झालं.

यासाठी माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा, म्हणून आवरून लिहा. "पाटी का लावली नाही?" असं विचारू नका. "का"चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याच्याकडे असलेले कागद मागा. वाहतूक शाखेला मी साधारण असा अर्ज करायला सांगतो:

"अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्यावरील एकेरी वाहतुकीबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात. एक, एकेरी वाहतूक लागू करणारा आदेश व त्याची राजपत्रातील प्रसिद्धी. दोन, आदेश प्रायोगिक असल्यास मुदतवाढीचा किंवा अंतिम आदेश. तीन, या रस्त्यावर फलक लावण्याच्या ठिकाणांची यादी किंवा नकाशा. चार, फलक लावण्याबाबत महापालिकेशी झालेला पत्रव्यवहार."

दुसरा अर्ज महापालिकेच्या पथ विभागाला, कारण खांब आणि पाट्या बहुधा तेच लावतात. त्यांच्याकडे त्या रस्त्यावरच्या फलकांचा कार्यादेश, ठेकेदाराचं बिल आणि मोजमाप पुस्तकातल्या नोंदीची प्रत मागा. मोजमाप पुस्तक हा रुक्ष दस्तऐवज आहे, पण काम किती आणि कधी मोजलं हे त्यात लिहिलेलं असतं. चलनाच्या तारखेनंतर मोजलेली पाटी चलनाच्या दिवशी उभी होती, असं म्हणणं मग कुणालाही अवघड जातं.

उत्तर यायची वाट पाहत तक्रार लांबवू नका. हरकत घेण्याची जी मुदत चलनावर किंवा पोर्टलवर दिसते ती पाळा. कागद नंतर जोडता येतात.

तक्रार आणि कोर्ट

महाराष्ट्राच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथे लांबलचक लिहिलेलं कुणी वाचत नाही. भावना, आजवर कधी चलन आलं नाही हा इतिहास, रस्त्यांच्या खड्ड्यांवरचा संताप, सगळं वगळा. एवढं पुरे:

"मी दिनांक अमुक रोजी अमुक गल्लीतून सदर रस्त्यावर प्रवेश केला. या गल्लीच्या तोंडाशी एकेरी वाहतूक किंवा वळण्यास मनाई दर्शवणारा कोणताही फलक नाही. चौकातील फलक या बाजूने दिसत नाही व तो जाहिरात फलकामागे झाकलेला आहे. छायाचित्रे व चित्रफीत सोबत आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ नुसार निर्बंधासोबत योग्य ठिकाणी चिन्हे लावणे आवश्यक आहे. चलन रद्द करावे. तसे करावयाचे नसल्यास या गल्लीतून येणाऱ्या वाहनांसाठी लावलेल्या फलकाचे ठिकाण व तो लावल्याची तारीख कळवावी."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. तक्रार एका ओळीत फेटाळली गेली तरी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं गेलं नाही, ही गोष्ट नोंदीत राहते. हीच प्रत वाहतूक शाखेच्या कार्यालयात जाऊन द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. ऑनलाइन तक्रारीपेक्षा समोर ठेवलेला कागद आणि मोबाइलवरची तीस सेकंदांची चित्रफीत जास्त काम करते, असा माझा अनुभव आहे. पाटीची प्रकरणं मिटायची असली तर इथेच मिटतात.

नाही मिटलं तर प्रकरण कोर्टाकडे जातं. बऱ्याचदा ते आधी आभासी न्यायालयात (व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन) येतं. तिथे दोन पर्याय दिसतात: दंड भरणे किंवा प्रकरण लढवणे. लढवायचं निवडलं की ते स्थानिक हद्दीच्या नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होतं आणि तारीख पडते. तिथे "गुन्हा कबूल आहे का?" असं विचारलं जाईल. गर्दी असते, पुकारा भराभर होतो, मागचे चार जण "कबूल" म्हणून पुढे गेलेले असतात आणि तुमच्याही तोंडून तेच निघतं. "कबूल नाही, पाटी नव्हती, पुरावा आणला आहे" हे तीन तुकडे आधीच तोंडात बसवून ठेवा. त्यानंतर निर्बंधाचा आदेश आणि चिन्ह लावल्याचा पुरावा सरकार पक्षाने दाखवावा, असा अर्ज द्या. माहिती अधिकारातले कागद इथे कामाला येतात.

लोक अदालतीची नोटीस किंवा मेसेजही येईल. लोक अदालत तडजोडीसाठी आहे, पाटी होती की नव्हती हे ठरवण्यासाठी नाही. तिथे मिटवलं की तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मुद्दा कमजोर असेल तर तो चांगला रस्ता आहे. मुद्दा भक्कम असेल तर तिथे जाऊन तुम्ही तो स्वतःच सोडून देता.

आता व्यवहाराचं बोलू. एका पाचशेच्या चलनासाठी कोर्टाच्या दोन-तीन तारखा आणि वकिलाची फी हा हिशोब जुळत नाही. वकील असून सांगतो. पहिलंच चलन असेल तर तक्रार करा, वाहतूक शाखेत एकदा जा, आणि तरी फेटाळलं तर पुढे जायचं की नाही हे थंड डोक्याने ठरवा. कलम १८४ लागलं असेल, गाडी पोटापाण्याची असेल, किंवा त्याच गल्लीच्या तोंडाशी रोज दहा जणांना चलन फुटत असेल, तर मात्र लढण्यात अर्थ आहे. त्या दहा जणांनी वेगवेगळे अर्ज एकाच दिवशी, एकाच चित्रफितीसह दिले तर अधिकाऱ्याला ती एका माणसाची तक्रार वाटत नाही, जागेची तक्रार वाटते.

वेगमर्यादेच्या चलनाबद्दलही लोक हेच विचारतात, म्हणून दोन ओळी. कलम ११२ प्रमाणे शासन एखाद्या रस्त्यासाठी वेगळी मर्यादा ठरवतं तेव्हा तिथेही अधिसूचना आणि चिन्ह दोन्ही हवीत. पण त्या रस्त्याला आणि वाहनाच्या वर्गाला सर्वसाधारण कमाल मर्यादा असतेच. तुम्ही तीही ओलांडली असेल तर पाटीचा मुद्दा मांडून काही मिळणार नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: भरलंच नाही तर? निव्वळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे सहा महिन्यांची मुदत आहे, एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला एक वर्ष. यावरून "सहा महिने गप्प बसलं की सुटलो" असा निष्कर्ष लोक काढतात. त्यात दोन खाचा आहेत. मुदत मोजली जाते ती प्रकरण कोर्टात दाखल झालं त्या तारखेपर्यंत. तुम्हाला समन्स कधी मिळालं याच्याशी तिचा संबंध नाही. शिवाय कलम ५१९ खाली न्यायालय उशीर माफ करू शकतं. आणि चलन पोर्टलवर तसंच थकीत दिसत राहतं. गाडी विकताना घेणारा तेच आधी काढून दाखवतो. मुदतीचा मुद्दा जुन्या चलनासाठी कोर्टात जरूर मांडा. ताज्या चलनात त्याच्या भरवशावर बसू नका, या आठवड्यात जाऊन त्या गल्लीचं चित्रण करून घ्या.